सोंगाच्या आतला माणूस

1930 साली अमळनेरहून एक इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झालं. नाव 'द सब्जेक्ट अ‍ॅज फ्रीडम'. लेखक कृष्णचंद्र भट्टाचार्य, राहणारे बंगालचे. प्रकाशक मात्र खानदेशातलं तत्त्वज्ञान मंदिर, म्हणजे गिरणीमालक प्रताप शेठ यांनी 1916 साली उभी केलेली संस्था. साने गुरुजी शाळामास्तर होण्याआधी इथंच अभ्यासाला आले होते, आणि पुढे काही काळ भट्टाचार्य स्वतःच या संस्थेचे संचालक होते. पारोळ्याहून अमळनेर अर्ध्या-पाऊण तासावर. बोरीच्या दोन्ही अंगांना कापसाची शेतं, आणि मधल्या एका गावात बसून कोणी जगाला विचारतंय की 'मी' म्हणजे नेमका कोण!

पुस्तक कठीण आहे, पण त्याचा ओघ सांगता येतो. माणूस आधी स्वतःला शरीर समजतो. मग त्याच्या ध्यानात येतं की आरशात दिसणारं शरीर निराळं आणि आतून जाणवणारं निराळं. पुढे तो आपल्या कल्पनांपासून, विचारांपासून, भावनांपासून एकेक पायरी सुटा होत जातो. या सुटं होण्यालाच भट्टाचार्य स्वातंत्र्य म्हणतात. अद्वैत वेदान्ताचीच ही वाट, पण जर्मन तत्त्वज्ञानाशी झुंजून नव्याने आखलेली.

आता हाच प्रश्न पारोळ्याच्या बाजारपेठेत आणून उभा करावा. बहुरूपी येतो. अंगात खाकी सदरा, ओठांवर चिकटवलेल्या मिशा, हातात दंडुका, काखेत जाडजूड डायरी. दुकानापुढे उभा राहून तो शिट्टी फुंकतो, दुकानदाराच्या नावाने वॉरंट काढतो, लग्न न केल्याच्या गुन्ह्याखाली पोराला अटक करायला निघतो आणि सगळं यमकात बोलतो. शेजारचा ओरडतो, "आज कोणतं सोंग शे, भो?" तो पोलीस नाही हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तरीही शिट्टी वाजली की गल्ल्यावर बसलेला माणूस क्षणभर सावरून बसतो. तेवढ्या क्षणापुरता तिथं पोलीस असतो. तो कुठून आला? आणि तो आला तेव्हा सदऱ्याच्या आतला बहुरूपी कुठे गेला?

वेदान्त्यांना नट फार आवडतो. दाखला म्हणून तो त्यांच्या हाताशीच असतो. राजाचा वेष केला म्हणून नट राजा होत नाही, भिकाऱ्याचा केला म्हणून भिकारी होत नाही. तसाच आत्मा देहांचे वेष घेतो आणि कोरडाच्या कोरडा राहतो. विद्यारण्यांच्या 'पंचदशी'तलं दहावं प्रकरण तर 'नाटकदीप' याच नावाचं. त्यात साक्षी म्हणजे नाट्यगृहातला दिवा: यजमानावर, प्रेक्षकांवर आणि नर्तकीवर सारखाच उजेड पाडणारा, आणि सगळे उठून गेले तरी रिकाम्या सभेत तसाच तेवत राहणारा. काश्मीरच्या शैवांनी याच्याही पुढे जाऊन आत्म्यालाच नर्तक म्हटलं आणि अंतःकरणाला रंगमंच. फरक बारीक वाटतो, पण तो महत्त्वाचा आहे. शांकर वेदान्ताला वेष उतरवण्याची घाई असते, शैवाला खेळात रस असतो.

दाखल्यातल्या नटाला एवढा मान मिळाला, पण रस्त्यावरच्या नटाच्या वाट्याला तो आला नाही. 'नाट्यशास्त्रा'च्या पहिल्या अध्यायात नाट्याला पाचवा वेद म्हटलंय. आणि त्याच ग्रंथाच्या शेवटी गोष्ट येते ती अशी: भरताच्या मुलांनी ऋषींची नक्कल करून त्यांची टिंगल केली, आणि ऋषींनी शाप देऊन त्यांची वर्णातली जागा काढून घेतली. युरोपात चर्चने हेच केलं. 17 फेब्रुवारी 1673 च्या संध्याकाळी नट आणि नाटककार मोलिएर आपल्याच नाटकात आजारपणाचं सोंग घेणाऱ्या माणसाची भूमिका करत होता. स्वतः तो खरोखरच आजारी होता. प्रयोगातच त्याला झटका आला, कसाबसा प्रयोग पुरा झाला आणि काही तासांत तो गेला. नटाचा धंदा न सोडता मेला म्हणून धर्माप्रमाणे दफन नाकारण्यात आलं. राजाने शब्द टाकला तेव्हा रात्रीच्या अंधारात त्याला मूठमाती मिळाली. आजाराचं सोंग आणि आजार एकाच शरीरात एकाच वेळी! तिथं साक्षी कुठल्या विंगेत उभा होता, हे विद्यारण्यांना विचारायला हवं होतं.

धर्माला नटाची धास्ती का वाटते, याचं उत्तर बहुधा साधं आहे. पुजारीही वेष करतो, ठरलेले शब्द ठरलेल्या सुरात म्हणतो, आणि समोरच्यांना अदृश्याचा भास घडवतो. नट तेच करतो आणि वर सांगतो की हे खोटं आहे. शेजारच्या दुकानात तोच माल 'नकली' अशी पाटी लावून विकला तर कुणाला चालेल?

पण प्रश्न धास्तीचा नाही. दाखला खरा आहे का, हा आहे. नट खरोखर कोरडा राहतो का?

हे तपासायचं तर देखणा नायक उपयोगाचा नाही. नायक बहुधा स्वतःलाच पुन्हा पुन्हा सादर करतो. त्यासाठी चरित्र अभिनेता हवा, जो दर खेपेला दुसराच कोणी होतो. आणि तो नाटककारही असेल तर फारच बरं, कारण मग घालायचं कातडं त्याने स्वतःच शिवलेलं असतं. मराठीत असा माणूस शोधायला लांब जावं लागत नाही. दिलीप प्रभावळकर, जन्म 1944.

त्यांचा प्रवास नुसता डोळ्यांपुढून सरकवला तरी वेदान्ताच्या विद्यार्थ्याला घेरी यावी. मुंबई दूरदर्शनच्या सुरुवातीच्या काळात चिं. वि. जोशींचा चिमणराव, भित्रा, मध्यमवर्गीय, सतत फजित होणारा. 1991 च्या 'चौकट राजा'त नंदू, वाढलेल्या शरीरातला लहान मुलगा. 1993 च्या 'झपाटलेला'त तात्या विंचू, एक गुंड, मरताना मृत्युंजय मंत्राच्या जोरावर आपला आत्मा बाहुल्यात घालणारा. बाहुला रामदास पाध्यांचा, आवाज प्रभावळकरांचा. (आत्मा एका देहातून दुसऱ्यात जातो हे तत्त्व इतक्या मनापासून अंमलात आणणारा दुसरा खलनायक मराठीत नाही. आणि त्याची मुख्य तक्रार काय, तर मिळालेला देह फार लहान आहे आणि त्यातून बाहेर पडता येत नाही. बद्ध जीवाची व्याख्या याहून वेगळी नसते.) मग 2006 साली 'लगे रहो मुन्नाभाई'मधले महात्मा गांधी. त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार त्यांना या भूमिकेसाठी आणि 'शेवरी' या मराठी चित्रपटासाठी मिळाला.

त्या गांधींकडे जरा थांबून बघायला हवं. चित्रपटातले गांधी हे गांधी नाहीतच. ते मुन्नाच्या डोक्यातला भास आहेत. मुन्नाने ग्रंथालयात बसून जेवढं वाचलं तेवढंच त्यांना माहीत. मुन्नाला जे ठाऊक नाही ते विचारलं की बापू गप्प. म्हणजे नटाने इथं गांधी नावाचा माणूस उभा केलेला नाही. दुसऱ्या एका माणसाच्या मनातलं गांधींचं चित्र उभं केलंय, आणि तेही एका गुंडाच्या मनातलं, म्हणून मवाळ, खेळकर, थोडं आजोबांसारखं. भूमिकेच्या आत माणूस नाही, फक्त कुणाची तरी श्रद्धा आहे. प्रभावळकरांनी ते पात्र हलक्या पावलांनी वावरत, हळू आवाजात केलं. पडद्यावर ते असतात तेव्हा खोलीत कोणी आहेही आणि नाहीही असं वाटतं. देवाची भूमिका कशी करावी याचा हा वस्तुपाठ म्हणता येईल. देवाबद्दलही शेवटी हाच वाद आहे ना, की भक्ताला जेवढं ठाऊक तेवढंच तो बोलतो की काही जास्त?

प्रभावळकरांचं स्वतःचं लेखन याहून बोलकं आहे. 'हसवा फसवी' हे नाटक त्यांनी लिहिलं आणि त्यात स्वतः सहा भूमिका केल्या. नाना पुंजे, बॉबी मॉड, दीप्ती आणि संगीत रंगभूमीचा थकलेला गंधर्वकाळातला नट कृष्णराव हेरंबकर ही त्यांतली लोकांच्या तोंडी राहिलेली नावं. विंगेत जायचं, काही मिनिटांत कपडे, केस, चाल, आवाज, वय, लिंग बदलायचं आणि पुन्हा उजेडात यायचं. प्रेक्षक दोन गोष्टींना टाळ्या देत. एक, समोरचा माणूस हुबेहूब हेरंबकर आहे म्हणून. आणि दुसरी, तो हेरंबकर नसून मघाचाच बॉबी आहे म्हणून. या दोन टाळ्या एकमेकींच्या विरुद्ध आहेत. पण त्या एकाच हातांनी एकाच वेळी वाजतात.

हेरंबकर हे पात्र सर्वांत खोल. तो स्वतःच नट आहे, स्त्रीवेषात नाव कमावलेला, आता अंगावर फक्त आठवणींचा शालू उरलेला. नट नटाची भूमिका करतो तेव्हा आत किती माणसं असतात? लिहिणारा प्रभावळकर, करणारा प्रभावळकर, हेरंबकर आणि हेरंबकरने एके काळी केलेल्या नायिका. नुसती सालं काढत गेलं तर कांद्याप्रमाणे हाती काहीच लागणार नाही. बौद्धांचं म्हणणं असंच काहीसं आहे: आत कोणी नाही, फक्त पदर आहेत. पण 'हसवा फसवी' बघताना तसं वाटत नाही. कारण त्या सहाही जणांकडे बघण्याची जी नजर आहे, थोडी खट्याळ, पण कुणालाही तुच्छ न लेखणारी, ती एकाच माणसाची आहे हे ओळखू येतं. नटाचा 'मी' भूमिकांच्या खाली दडलेला नसतो. तो भूमिकांकडे बघण्याच्या त्याच्या रीतीत असतो. हे विधान अद्वैताच्या कसोटीला उतरणार नाही, कारण तिथल्या साक्षीला खट्याळपणा वगैरे असलेला चालत नाही. तो निर्गुण. पण नाट्यगृहात निर्गुण दिवा कुणीही पाहिलेला नाही. प्रत्येक दिव्याला रंग असतो.

प्रभावळकरांचा 'अनुदिनी' हा स्तंभही याच रीतीचा. टिपरे कुटुंबातल्या माणसांच्या रोजनिश्या, ज्याची त्याची भाषा वेगळी, ज्याचं त्याचं दुःख वेगळं. पुढे त्यावरून 'श्रीयुत गंगाधर टिपरे' ही मालिका झाली आणि त्यांनी आबा हे आजोबा केले. इथं भट्टाचार्यांचा रसावरचा निबंध आठवतो. त्यात ते एक साधं उदाहरण देतात. मूल खेळण्याशी खेळतंय आणि खूश आहे. आजोबा त्या मुलाचा आनंद बघून खूश आहेत. त्यांना खेळणं नकोय. आणि तिसरा कोणी त्या आजोबांकडे बघतोय. हा तिसरा खेळण्यात नाही, मुलात नाही, आजोबांच्या मायेतही पुरता नाही, पण ती माया तो जाणतो. भट्टाचार्यांच्या मते कलेचा आस्वाद या तिसऱ्या जागी असतो. आबा टिपरे घराच्या कोपऱ्यात बसून नातवंडांची धडपड बघतात आणि लोक घरोघरी बसून आबांकडे बघतात, तेव्हा अमळनेरच्या तत्त्वज्ञाचा सिद्धान्त केबलवरून घरात आलेला असतो. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही, हे उघडच आहे. पण दोघांच्याही हाती तीच गाठ लागली.

ही गाठ आपल्याकडे हजार वर्षांपूर्वीच सापडली होती. रस कुठे असतो? भट्ट लोल्लट म्हणाले, मूळ पात्रात असतो आणि वेषाच्या जोरावर नटातही भासतो. शंकुक म्हणाले, नटावरून प्रेक्षक त्याचं अनुमान करतो. भिंतीवर रंगवलेल्या घोड्याला आपण घोडाच म्हणतो, पण त्याला दाणा-वैरण घालत नाही, तसं. अभिनवगुप्तांनी रस नटाकडून काढून प्रेक्षकाच्या हृदयात नेऊन ठेवला. या वादात नट हळूहळू रिकामा होत गेला. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये दिदरोने तर स्पष्टच सांगितलं की थोर नटाला काही वाटतच नसतं. तो थंड डोक्याने रडतो, म्हणून रोज सारखाच रडतो. शंकुकांचा रंगवलेला घोडा आणि दिदरोचा थंड डोक्याचा नट, दोघंही विद्यारण्यांच्या कोरड्या आत्म्याचे चुलतभाऊच म्हणायचे.

पण गंमत अशी की ज्या परंपरेने नट कोरडा राहतो असं सांगितलं, तिच्याच गोष्टी उलट साक्ष देतात. शंकराचार्यांची कथा घ्या. मंडनमिश्रांच्या पत्नीने, उभयभारतीने, त्यांना कामशास्त्रातले प्रश्न विचारले. संन्याशाला त्याचा अनुभव कुठला? म्हणून त्यांनी मुदत मागितली आणि अमरुक नावाच्या मेलेल्या राजाच्या देहात प्रवेश केला. आणि चरित्रकार सांगतो की आचार्य त्या देहात रमले! मुदत टळून गेली. शेवटी शिष्य गवयांचा वेष करून दरबारात आले आणि गाण्यातून त्यांना आठवण करून दिली. 'मी देह नाही' हे साऱ्या भारतभर सांगत फिरलेला माणूस दुसऱ्याच्या देहात गेल्यावर स्वतःला विसरला, आणि त्याला सोडवायला नटाचंच सोंग कामी आलं.

नवनाथांच्या पोथीत हीच कथा मच्छिंद्रनाथांची. खानदेशात नवनाथांचं पारायण करणारी घरं आजही आहेत, त्यांना वेगळं सांगायला नको. गुरू स्त्रीराज्यात गुंतले, शिष्य गोरक्ष कलावंतांच्या मेळ्यात शिरून तिथं पोहोचला आणि मृदंगाच्या बोलातून त्याने गुरूला हाक घातली.

दोन्ही कथांत एक गोष्ट सारखी आहे आणि पोथी वाचताना ती निसटते. आतल्या साक्षीने कुणालाच जागं केलेलं नाही. हाक बाहेरून आली. स्वतःला विसरलेल्याला परत आणणारा कोणी दुसरा होता, जो त्याला आधीपासून ओळखत होता.

नटाचंही नेमकं असंच आहे. तो भूमिकेत जातो आणि परत येतो, ते केवळ त्याच्या आत्म्याच्या बळावर नव्हे. प्रॉम्प्टर असतो, पडदा ओढणारा असतो, सहकलाकार असतो, विंगेत चहा घेऊन उभा असलेला पोरगा असतो. आणि समोर हजार डोळे असतात, ज्यांना ठाऊक असतं की हा तोच आहे. साक्षी असतो, पण तो एकट्याच्या पोटात नसतो; माणसांत वाटून दिलेला असतो. नाटककार-नटाचं वैशिष्ट्य इतकंच की हाक मारणाऱ्यांपैकी एक जण तो स्वतःच सोबत घेऊन जातो: काल रात्री टेबलावर बसून, हा माणूस इथं थुंकेल, इथं अडखळेल, असं लिहिणारा.

बाहेरून हाक येईनाशी झाली, किंवा उलटीच येऊ लागली, तर काय होतं हे विष्णुपंत पागनीस यांच्या गोष्टीत दिसतं. पूर्वी स्त्रीभूमिका केलेला हा गायक नट. 1936 साली दामले-फत्तेलालांच्या 'संत तुकाराम'मध्ये त्याने तुकाराम केला. पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्या चित्रपटाचं कौतुक झालं. पण खरी गोष्ट घडली ती गावोगावच्या तंबू थिएटरांत. लोक पडद्याला हात जोडत. पागनीस समोर आले तर त्यांच्या पाया पडत. त्यानंतर तुकोबांची जी चित्रं छापली गेली, त्यांतल्या कितीकांत चेहरा पागनीसांचा आहे. सतराव्या शतकातल्या देहूच्या वाण्याला विसाव्या शतकातल्या नटाने तोंड दिलं आणि बदल्यात स्वतःचं तोंड गमावलं. पागनीस पुढे तुलसीदास झाले, नरसी मेहता झाले. लोक त्यांना परत बोलावत नव्हते. आणखी आत ढकलत होते. 1943 साली ते गेले. त्यांना आत काय वाटत होतं ते त्यांचं त्यांना. पण 'नट कोरडा राहतो' म्हणणाऱ्याने प्रेक्षकांचा हा जोर हिशेबात धरलेला नाही एवढं नक्की.

इंग्लंडचा अ‍ॅलेक गिनेस प्रभावळकरांच्याच जातीचा: चेहरा न आठवणारा, भूमिका आठवणारा नट. 1949 च्या 'काइंड हार्ट्स अँड कॉरोनेट्स'मध्ये एकाच खानदानातले आठ जण त्याने केले, त्यांत एक बाईही. दस्तयेव्स्कीच्या 'ब्रदर्स कारामाझोव्ह'चं नाट्यरूपांतरही त्याचंच. 1954 च्या 'फादर ब्राउन'साठी तो फ्रान्समधल्या एका खेड्यात गेला होता. संध्याकाळी पाद्र्याच्या झग्यातच रस्त्याने निघाला असताना एक अनोळखी मुलगा धावत आला, त्याचा हात धरला आणि फ्रेंचमध्ये अखंड बडबडत चालू लागला. गिनेसला फ्रेंच यथातथाच, त्यामुळे बोलायची सोय नव्हती. बोललो तर पोरगं घाबरेल, अशी भीती. थोड्या वेळाने मुलगा निरोप घेऊन कुंपणाच्या फटीतून पसार झाला. ज्या वेषावर मूल इतका विश्वास टाकतं तो वेष अगदीच पोकळ नसावा, असं गिनेसला वाटलं. दोन वर्षांनी, 1956 मध्ये, तो कॅथलिक झाला. धर्मांतराला इतरही कारणं होती, त्यानेच ती सांगितली आहेत. पण पारोळ्याच्या बाजारातला दुकानदार खोट्या पोलिसापुढे सावरून बसतो आणि हे मूल खोट्या पाद्र्याचा हात धरतं, या दोहोंत फरक आहे. दुकानदाराला सोंग ठाऊक असतं. मुलाला ते ठाऊक नव्हतं, म्हणून त्याच्यापुढे सोंग राहिलंच नाही.

सतीश आळेकर हे आणखी एक नाटककार, ज्यांना पुढच्या पिढीने 'व्हेंटिलेटर'सारख्या चित्रपटांतून चरित्र अभिनेता म्हणून ओळखलं. त्यांच्या 1974 च्या 'महानिर्वाण'मध्ये मेलेला भाऊराव स्वतःच्या मरणावर कीर्तन करतो. आपलं प्रेत समोर ठेवून निरूपण! साक्षीभावाची याहून पक्की थट्टा मराठीत झालेली नाही. देहापासून सुटा झालेला हा आत्मा ब्रह्माकडे जात नाही. तो हट्ट धरून बसतो की मला जुन्याच मसणात जाळा. बायकोचं मन तोवर खांदेकऱ्यांपैकी एकाकडे वळलेलं. आणि सुटण्यासाठी भाऊरावाला शेवटी मुलावरच अवलंबून राहावं लागतं. स्वतःला स्वतः अग्नी देता येत नाही, ही बाब कीर्तनाच्या उत्तररंगात फार मजेशीर होऊन बसते.

खानदेशाच्या पश्चिमेला, साक्री-पिंपळनेरच्या पलीकडच्या डोंगरपट्ट्यात, कोकणा वस्त्यांमध्ये भवाडा होतो. तिथं हा सगळा वाद निराळ्या पातळीवर जातो. लाकडाचे किंवा कागद-मातीच्या लगद्याचे मुखवटे. ते चढवण्याआधी त्यांची पूजा होते. मशालींच्या उजेडात, वाजंत्रीच्या तालावर एकेक सोंग नाचत येतं; गणपती, सरस्वती, मग राक्षस आणि वीर. नाचणारा रोजचा शेतमजूर असतो, हे सगळ्यांना माहीत असतं. तरी मुखवट्यासमोर नारळ फुटतो, कारण नमस्कार मुखवट्याला असतो. कधी नाचणाऱ्याच्या अंगात वारं येतं. मग त्याला आवरणारे, धरून बाजूला नेणारे, पाणी पाजणारे गडी तयारच असतात. इथं कुणी असा प्रश्न विचारत नाही की आत माणूस आहे की देव. सोय मात्र दोघांचीही केलेली असते. तत्त्वज्ञानाच्या पुस्तकांत जी सोय कधी दिसत नाही ती हीच, पाणी घेऊन उभा असलेला गडी.

कोकणच्या दशावतारात तर नट म्हणजेच नाटककार. आख्यान ठरलेलं, पण संवाद लिहिलेले नसतात. ज्याने त्याने उभ्या उभ्या रचायचे. राजा झालेल्याला पुराण यावं लागतं आणि समोरच्याने टाकलेल्या कोड्याला तिथल्या तिथं उत्तर द्यावं लागतं. 12 सप्टेंबर 2025 ला आलेल्या 'दशावतार' या सुबोध खानोलकरांच्या चित्रपटात प्रभावळकरांनी, वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षी, असाच एक म्हातारा दशावतारी केलाय, बाबुली मेस्त्री. त्याची नजर अधू होत चालली आहे. मुलगा माधव त्याच्या मागे लागलाय की आता सोंगं पुरे. बाबुलीला ते पटत नाही असं नाही, पण रंग लावायला बसला की हात आपोआप चालतात. आरशात नीट दिसत नसताना चेहऱ्यावर रेषा ओढणारा हा माणूस बघावा. भट्टाचार्य ज्याला आतून जाणवणारं शरीर म्हणतात, ते इथं बोटांच्या टोकांवर आलेलं दिसतं.

आणि मग तो मुलगा जातो. या चित्रपटात बापाला रंगातून घरी बोलावणारा एकच माणूस होता, तो हा. त्यानंतर बाबुली अवतारांची रूपं घेतो ती मंदिरापुढच्या मांडवासाठी नव्हेत, अन्याय करणाऱ्यांसाठी. इथं चित्रपट सूडकथेची रुळलेली वाट धरतो, आणि टाळ्या घेण्यासाठी दिग्दर्शकाला ती सोयीची वाटली असणार. अवताराने शिक्षा केली की बाबुलीने, हे तो प्रेक्षकांवर सोडतो. प्रेक्षकांचा कौल मात्र थिएटरात लगेच ऐकू येतो. शिट्ट्या अवताराला पडतात, आणि बाबुलीला कुणी हाक मारत नाही.